मॅडम नेमकं करतात काय?

—छे छे, तक्रार नाहीये ही, तक्रार लेखी देतात, मी आपलं तोंडी विचारतेय. थेरपीचे व्हिडिओ बघून मिनिटामिनिटाला कागदावर खुणा करता त्या तुम्हीच ना? मग तुम्हीच सांगा, आमच्या मॅडम त्या पाऊण तासात करतात तरी काय? कारण ठमी—ती काय, कोपऱ्यात ठोकळे रचत बसलीय ती—घरात अखंड टकळी, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. सात महिने झाले, शाळेतल्या बाईंना हिचा आवाज ठाऊक नाही. परवा हजेरीला ओ दिली नाही म्हणून गैरहजर लागली, तर घरी येऊन मला म्हणते, ‘आई, आज मी नव्हते.’ हसलात तरी चालेल, मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तर मॅडम. अकरा वेळा आलो आम्ही, अकरा! मॅडम जमिनीवर फतकल मारतात, हातात कापडी हत्ती, विचारतात, ‘हत्तीला काय खायचंय?’—आणि गप्प. नुसत्या बघत बसतात. अहो, बघत बसायला तर मलाही येतं, त्याला डिग्री कशाला? शेवटी मीच सांगते, हत्तीला केळं हवंय. कारण ती शांतता मला सोसवत नाही. हिचा बाबा म्हणतो, तू इंटरनेटवर वाचून उद्या मॅडमनाच शिकवशील. शिकवलंही असतं हो, पण माझं सगळंच वाचन अर्धवट. म्हणून म्हटलं, तुमच्याकडे आकडे आहेत—त्या काही करत नाहीत एवढं तुम्ही सांगितलंत, की मला मॅडम बदलून मागता येतील. हिला पुढच्या वर्गात घ्यायचं की नाही ते शाळा येत्या महिन्यात ठरवणार, मला आता हत्तीचे लाड परवडणार नाहीत.

कधीपासून? फॉर्मवर लिहिलंय ना मी, ‘नक्की सांगता येत नाही’. येतं तसं. म्हणजे—सासूबाईंचा फोन होता, मी हिला खुणेनं म्हटलं, आई झोपलीय म्हणून सांग. तर ही खणखणीत आवाजात, ‘आजी, आई जागीच आहे, पण झोपलीय असं सांग म्हणाली!’ पुढे काय रामायण झालं ते जाऊ दे. पण फोन ठेवल्यावर मी ओरडले, ‘परत बाहेर कुणापुढे तोंड उघडलंस तर याद राख.’ म्हणतात हो सगळ्याच आया. म्हणतात ना? अहो, हे लिहू नका, पेन ठेवा खाली! मॅडमना नाही सांगितलेलं मी हे. आणि खरं सांगू, ही इथे बोलायला लागली तर पहिलं हेच सांगेल, अशी मला धास्ती—असो. विषय तो नाही.

तो कागद दाखवा बरं, आईला बघता येतो म्हणालात. ‘थेरपिस्टने प्रश्न विचारला’—चोवीस. बरं. ‘थांबून वाट पाहिली’—थांबणंसुद्धा मोजता? विचारून पाच सेकंद थांबायचं, अशी पद्धतच आहे? म्हणजे ते गप्प बसणं हे काम? बरं, आणि चोवीसपैकी पाच सेकंद पुरे झाले किती वेळा? एकदा! बघा, मी म्हणत नव्हते, मॅडमना साधं थांबताही—काय? हा शेवटचा रकाना कुणाचा? ‘पालकाने मुलाऐवजी उत्तर दिले’.

तेवीस.

आणि त्या एका वेळी मी कुठे—हां, पाणी प्यायला बाहेर गेले होते. मग ठमीनं—ओठ हलवले? खरंच? आवाज नाही, पण हलवले? मला का नाही कुणी—म्हणजे मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या, ‘आपण जरा थांबून बघू या का?’ मला वाटलं, थेरपी थांबवायची म्हणतायत. मी केवढी भडकले त्यांच्यावर!

अहो, तिला कशाला विचारताय? अनोळखी माणसांशी ती—‘काय बांधतेस?’ असं विचारलं तर ती काय सांगणार, तिचं ते हॉस्पि—

नाही. मी नाही बोलत. परत विचारा तुम्ही. मी पाचापर्यंत मोजते.

एक—

हां. मनात.