नामदेवकाकांच्या हरभऱ्यात शेळी

अगं, माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टचं काय झालं ऐक. पाढ्यांचा गेम बनवला. उत्तर चुकलं की शेळी शेजारच्या वावरात शिरून हरभरा खाते. त्या वावरावर मी गमतीनं पाटी टाकली, ‘नामदेवकाका’. ते आमचे खरेखुरे शेजारी, बांधावरून कायम भांडण. चौथीतल्या बहिणीला खेळायला दिलं, तर प्रत्येक उत्तर चूक!

“पाढे येत न्हाईत व्हय गं तुला?”

“येतात की, ताई! पण शेळी काकांचा हरभरा खाती ना, लई मजा येती.”

मग मी कोडच उलटा केला. उत्तर बरोबर आलं तरच शेळी आत शिरणार. आठवड्यात पोरगी पंधराच्या पाढ्यावर!

परवा काका स्वतः दारात. म्हटलं, आता मेले.

“पोरी, आमच्या पिंट्यालाबी दे तो गेम,” काका म्हणाले, “फक्त शेळी तुमच्या वावरात सोड.”