माझ्याच माहेरी डबा सापडेना

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "अगं, नक्की हेच ना तुझं माहेर?" आता सांगा, एकोणीस वर्षं जिथे काढली, ते घर मी ओळखणार नाही? घर म्हणजे, आता घर असं फारसं उरलेलं नाही म्हणा... पंचवीस वर्षं कुणी राहत नाही तिथे, छप्पर गेलंय, एक सोडली तर सगळ्या भिंती गुडघ्याएवढ्या, गवत मात्र कमरेपर्यंत. पण म्हणून काय झालं? माझंच घर हो! आणि मलाच डबा सापडेना!

कसला डबा म्हणाल, तर तो जिओकॅशिंग नावाचा खेळ. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, जागा फोनवर टाकायची, आणि जगातल्या रिकामटेकड्यांनी तो शोधत फिरायचं. आत एक वही असते, तीत आपलं नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी यायचं. बक्षीस? काही नाही! आमच्या लेकीला नाद लागलाय त्याचा. परवा फोन नाचवत आली, "आई, तुझ्या जुन्या घरात कुणीतरी डबा ठेवलाय! सेहेचाळीस जणांना सापडलाय! आणि खाली लिहिलंय बघ, 'इथे कोण राहायचं, कुणालाच माहीत नाही.'"

कुणालाच माहीत नाही? अहो, सात माणसं राहायचो आम्ही तिथे! म्हटलं, चल. आजच्या आज त्या वहीत नाव लिहिते.

गेलो. मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. माझंच घर, मला फोन काय शिकवणार? चुलीचा कोपरा पाहिला, आईच्या फडताळाची जागा पाहिली, जिन्याखाली पाहिलं, म्हणजे जिना नाहीये, पण त्याच्याखाली... कुठेच नाही! तेवढ्यात हे एक भिंत ओलांडून थेट स्वयंपाकघरात. मी ओरडले, "अहो, भिंतीतून काय येता? दारातून या!" "कुठलं दार?" खरंच, दार नव्हतं. पण बिचारे गेले वळसा घालून, मी दाखवलं तिथून आत आले, आणि येताना वाकलेसुद्धा! चौकट बुटकी होती असं मी सांगितलं होतं ना!

लेक आपली फोनला धरून. "आई, उत्तरेला बारा पावलं म्हणतोय."

"चुकतोय तुझा फोन. तिकडे काही नाही."

"अगं, खोली आहे की तिकडे!"

"ती अप्पांची खोली."

"मग?"

"मग काय मग? तिथे जायचं नसतं."

बोलले आणि माझी मीच चपापले. अप्पा म्हणजे माझे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. टेबलावर तिळाएवढे स्क्रू मांडलेले, एक घरंगळला की गिऱ्हाइकाचं घड्याळ मुकं. म्हणून आम्हा पोरांना सक्त मनाई. "आत पाऊल टाकलंत तर तंगडी मोडून हातात देईन!" अप्पांना जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, टेबल नाही, स्क्रू नाहीत, तीन बाजू उघड्या, आणि मी तासभर अख्खं घर पालथं घालून त्या खोलीला तेवढी बगल देत होते! माझंच घर हो!

थोरल्या दादाला फोन लावला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, मोठा साहेब म्हणून निवृत्त झालेला. म्हटलं, "दादा, अप्पांच्या खोलीत जाऊ का?" तिकडून दबक्या आवाजात, "जा... पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं!" आता कुणाला सांगणार होते मी?

शेवटी चपला काढल्या, श्वास रोखला आणि गेले. उभ्या भिंतीत खिडकी, खिडकीखाली कोनाडा, कोनाड्यात दगड, दगडामागे डबा! मी अशी किंचाळले की फोनवरून दादा, "काय झालं? काही सांडलंस का?"

आणि त्या खिडकीतून, तुम्हाला सांगते, सगळं अंगण दिसतं! आमच्या झाडावरच्या उड्या, चोरून खाल्लेल्या कैऱ्या, मारामाऱ्या, सगळं अप्पांना दिसत होतं! आणि कधी एका शब्दानं बोलले नाहीत हो! मी तिथेच खाली बसून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग वही उघडली. कुणी लिहिलंय, "छान जागा." कुणी लिहिलंय, "सुंदर गोठा." गोठा? आईचं स्वयंपाकघर ते! घेतलं पेन. कोण कुठे झोपायचं, कोण कुठून पडलं, अप्पा कुठे बसायचे... एका ओळीची जागा असते म्हणे तिथे. मी अकरा पानं लिहिली, शेवटचं पुठ्ठ्यावर.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवर डबा ठेवणाऱ्याचा निरोप. "ताई, वही भरली. पण घरचं माणूस भेटलं, फार बरं वाटलं. डबा आता तुम्हीच सांभाळा. तुमची पानं मी फोनवर टाकली, आता लोकांना तुमचं घर बघायला यायचंय." झालं! आता दर रविवारी मी झाडू घेऊन हजर. हे म्हणतात, "छप्पर नाही, फरशी नाही, झाडतेस काय?" अहो, पाहुणे येणार! माझंच घर ना ते?

खरं सांगू? या घराचा केर काढायचा कंटाळा म्हणून तर पहिल्याच स्थळाला मी 'हो' म्हटलं होतं... आणि आता ते स्थळ माझ्यामागे सुपली धरून उभं असतं!