सीडीतली रिंकू

(मार्कंड्याजवळचं गाव, सन २००३. लच्छू अल्बमच्या गाण्यांचं शूटिंग करतो. प्रेमिला त्याची बायको, गुणाबाई त्याची माय. जेवणं आटपून तिघं घरात बसले आहेत.)

गुणाबाई : ...अन् सोमाजीच्या घरी सारे बसून पाऊन राह्यले. म्या बी पायली तुयी सीडी. मले एवढंच सांग, ते पोट्टी कोणाची होय?

लच्छू : कोणती, माय?

गुणाबाई : नदीच्या वाळूत नाचते ते.

लच्छू : ते? रिंकू. चंद्रपूरची आर्टिस्ट हाय. कव्हरवर नाव छापलं हाय ना तिचं.

गुणाबाई : बरं. मंग चंद्रपूरची पोट्टी पाय टाकाच्या आंधी डावा खांदा काऊन पुढं काढते? तसी माया घरची सून चालते. बोरिंगवरून पाण्याचा गुंड घेऊन येते तवा रोज पायते मी.

लच्छू : कायच्या काय. त्या पोट्टीच्या तोंडावर तं पदर हाय पूर्ण गाण्यात.

गुणाबाई : तोंडावर हाय. चालीवर कुठी हाय?

प्रेमिला : मीच होय, माय.

लच्छू : प्रेमिला!

प्रेमिला : आता काऊन ओरडता? वळखलं त्यायनं.

गुणाबाई : घरची सून नाचवली तू?

लच्छू : ऐकून तं घे. नाटकात काम करते ते बाई येणार होती चंद्रपूरवरून. तिनं ऐन टायमावर दुसरं काम धरलं. नागपूरचा कॅमेरा किरायानं आणलेला, ढोलकीवाले बसून, ऊन उतरून राह्यलं. एक बी बाई उभी राहाले तयार नाई. प्रेमिला आमच्या सैपाकाले नदीवर आलती. मी म्हणलं, लुगडं बदल, पदर घे अन् उभी राय. रिंकू नाव मंग मी मनानंच छापलं.

गुणाबाई : अन् हे उभी राह्यली.

प्रेमिला : भात चुलीवर होता. उतरवला अन् गेली.

गुणाबाई : मले काऊन नाई सांगतलं?

लच्छू : तू गावभर बोंबलली असती.

गुणाबाई : बोंबलली असती. मंग थकून गप बसली असती. आता सोमाजीची बायको चार बायायसमोर मले विचारते, पोट्टी कोण होय, अन् मी म्हणते, मले का मालूम! तिनं बी चाल वळखली असन तं? हासत होती ते.

लच्छू : जाऊ दे ना. आता पुन्हा नाई होत. सीडीच्या कंपनीवाल्याले बी मी साफ नाई म्हणून दिलं.

प्रेमिला : कायले नाई म्हणलं?

लच्छू : काई नाई. असंच.

प्रेमिला : काय मांगलं होतं कंपनीवाल्यानं?

लच्छू : म्हणे, दुसऱ्या अल्बममध्ये बी तेच पोट्टी पायजे. दुकानदार तिलेच विचारून राह्यले. मी सांगतलं, तिचं लगन झालं, बालाघाटले गेली.

प्रेमिला : कधी सांगतलं?

लच्छू : होळीच्या आंधी.

प्रेमिला : होळीच्या आंधीपासून मी तुमच्या घरात रांधून राह्यली, तुमच्या कॅमेऱ्याचे वायर गुंडाळून राह्यली, अन् मी बालाघाटले?

लच्छू : मंग काय सांगू? मायी बायको होय म्हणू? एष्टीत, बाजारात, पानठेल्यावर जो तो उठून पायते. लोकं काय म्हणतीन?

प्रेमिला : दुसऱ्यायच्या पोरी नेता, तवा त्यायच्या मायबापाले काय सांगता?

लच्छू : सांगतो का कला होय. इज्जतीचं काम होय.

प्रेमिला : मंग ते मले बी सांगा.

गुणाबाई : अन् त्या दुसऱ्या अल्बमचं काय झालं रे? उन्हाळ्यात धानोऱ्याकडे गेलता ना तू, नागपूरची पोट्टी घेऊन?

लच्छू : पडला.

गुणाबाई : म्हणजे?

लच्छू : कोणी घेऊन नाई राह्यलं. कंपनीवाला म्हणते, अजून एक गाणं करून पाय. नाई चाललं तं दुसरा डायरेक्टर धरतो.

गुणाबाई : म्हणजे धंदा बुडून राह्यला, अन् घरात सांगत नाई तू.

लच्छू : सांगून काय होते? मंग पुन्हा लगनाचे शूटिंग करत फिरीन. अक्षता अन् पंगती.

प्रेमिला : मी करते ते गाणं.

लच्छू : माया धंद्यासाठी नको करू. मी पाईन काई तरी.

प्रेमिला : तुमच्या धंद्यासाठी नाई. त्या दिवशी वाळूत तुमी म्हणलं होतं, अजून एकदा कर, लय मस्त झालं. लगन झाल्यापासून माया कोणत्याच कामाले कोणी असं नाई म्हणलं. भाताले नाई, धानाच्या रोवण्याले नाई. तुमी त्या दिवशी म्हणलं, अन् मंग मलेच बालाघाटले धाडलं. विचारलं बी नाई.

लच्छू : ...नाई विचारलं.

गुणाबाई : पुन्हा पदर घेऊनच नाचशील ना?

प्रेमिला : नाई, माय.

गुणाबाई : मंग लोकं मले विचारतीन.

प्रेमिला : विचारतीन.

गुणाबाई : मी हो म्हणणार नाई, सांगून ठेवते. नवऱ्याच्या मागं तीस वर्स मान खाली घालून चालली मी या गावात. माया तोंडातून हो निघत नाई. पण आडवी बी येणार नाई. रोवणा होऊ दे, मंग काय कराचं ते करा.

लच्छू : माय, सोमाजीची बायको—

गुणाबाई : तिचं मी पाईन. तिच्या पोराच्या वरातीत कोण कोण नाचलं, मले सारं याद हाय.

लच्छू : मंग उद्या गडचिरोलीवरून फोन लावतो कंपनीले. प्रेमिला, आता शॉट समजून घे. बाई बाजारातून येते, टोपली डोक्यावर, अन् मी कॅमेरा इकडून—

प्रेमिला : शॉटचं मंग पाहू. आंधी गाणं तं ऐकू द्या.

लच्छू : कॅसेट हाय. लावू? हळूच लावतो, माय झोपते आता.

गुणाबाई : झोपली नाई मी. जरासा आवाज वाढव.