थर्माकोलचा चेक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय यशोधन सर, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, परवा कायमचे मायदेशी जाणारे आपले सत्कारमूर्ती जनाब नसरुद्दीनभाई, दोह्याच्या मुऐदरपासून अल थुमामापर्यंत सगळीकडून सुट्टीचा दिवस मोडून आलेल्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घातलेल्या माझ्या शुक्रवारच्या मराठी वर्गातल्या मुलांनो, सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी नजमा. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'लाभार्थी पालकांचे मनोगत' असं छापलंय. लाभार्थी म्हणजे माझी मुलगी माहनूर, आणि विषय आहे नसरुद्दीनभाईंचं शिक्षणप्रेम. विषय मोठा आहे. मी थोडक्यात मांडते.

आपल्या मंडळाची एक सुंदर प्रथा आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्याला शाल, श्रीफळ आणि माणसाच्या उंचीचा थर्माकोलचा चेक मिळतो. चेक नसरुद्दीनभाईंच्या कंपनीचा. फोटो झाला की मंडळाच्या सिताराभाबी तो पडद्यामागे नेऊन ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्यावरची नावाची पट्टी बदलते. हसू नका! आपण सगळे हे जाणतो ना? खरा चेक कधी आला, असं आजवर कुणी विचारलंय? आपल्यात तसं विचारणं बरं दिसत नाही.

माहनूर इथेच वाढली. मी मराठीत हाक मारायची, ती इंग्रजीत ओ द्यायची. तीच मुलगी भातावर संशोधन करायला पुण्याला गेली. आमच्या म्हसळ्याकडे खाडीचं पाणी शेतात शिरतं आणि पीक जळून जातं. त्या खाऱ्या पाण्यात तग धरेल असं वाण तिला शोधायचं होतं. सरकारी संशोधन परिषदेची पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती तिने परीक्षा देऊन मिळवली होती. तिचे पैसे वेळेवर यायचे नाहीत, हा भाग वेगळा. माहनूर मेसवाल्याला थांबवून ठेवायची, मैत्रिणीकडून उसने घ्यायची, पण घरी सांगायची नाही. मला ते नंतर कळलं आणि मी खूप रडले.

एका वर्षी ती सुट्टीवर इथे आली आणि मंडळाने तिला मंचावर बोलावलं. आता मोठी माणसं मान देतायत म्हटल्यावर पोर नाही म्हणेल का? तिने चेक धरला, भाईंनी दुसरी बाजू धरली. दोघांचा फोटो मंडळाच्या पानावर गेला आणि तिथून आपल्याकडच्या एका वर्तमानपत्रात. 'दोह्यातील उद्योजकाचा संशोधक कन्येला मदतीचा हात.' भाईंनी ते कात्रण वेस्ट बेच्या ऑफिसात फ्रेम करून लावलं. मी पाहिलंय.

कुणीतरी ती बातमी परिषदेला पाठवली. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने परवानगीशिवाय दुसरीकडून मदत घ्यायची नाही, असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. फक्त आपली प्रथा त्यांना ठाऊक नव्हती. जी परिषद महिनोन्महिने पैसे पाठवत नव्हती, तिने शिष्यवृत्ती मात्र एका पत्रात थांबवली. माहनूरने कळवलं, मला काहीच मिळालेलं नाही. बँकेचे कागद जोडले. उत्तर आलं, रोख दिले नसतील कशावरून? देणाऱ्याकडून लिहून आणा.

म्हणून मी देणाऱ्याकडे गेले. भाई, आठवतंय ना? तुम्ही खजूर आणि गहव्याची कॉफी पुढे केलीत आणि म्हणालात, "भाबी, मी दिलेच नाहीत असं लिहून दिलं, तर माझी इज्जत काय राहील?" मी म्हटलं, "आणि माझ्या मुलीचं शिक्षण?" तुम्ही म्हणालात, "बघू, इन्शाल्ला." मी पुन्हा आले, पुन्हा इन्शाल्ला. भाई, आमच्या घरात हा शब्द देवावर भरवसा ठेवून उच्चारतात. तुम्ही तो दार लावून घ्यायला वापरलात. मला त्याचा राग आहे, आणि तो मी आज लपवणार नाही.

तिकडे पुण्यात कुंड्यांतली तिची भाताची रोपं वाळली. इकडे माहनूर एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. आताही ती शेवटच्या रांगेत बसली आहे, आणि तिकडून मला खुणावते आहे, "अम्मी, लीव्ह इट ना." नाही बेटा. आज अम्मी सोडणार नाही.

परिषदेने या महिनाअखेरपर्यंत शेवटची मुदत दिली आहे. लेखी नाही जमलं तर देणाऱ्याचं निवेदन रेकॉर्ड केलेलं चालेल, असंही कळवलंय. भाई परवा जाणार. त्यानंतर मी कुणाचं दार वाजवू?

यशोधन सर, घड्याळ पाहू नका, संपवतेच आहे. माझ्यानंतर सत्कारमूर्तींचं भाषण आहे. सुफियान, कॅमेरा चालू ठेव. भाई, तुम्ही इथे मशिदीला गालिचे दिलेत, मजुरांना इफ्तार दिलीत, ते मी नाकारत नाही. आज काही देऊ नका. 'माहनूरला मी काहीही दिलं नाही,' एवढंच या माईकवर म्हणा. खरंच तर आहे ते. या सभागृहात कुणाला ठाऊक नाही?

मंडळाने बोलायची संधी दिली, त्याबद्दल शुक्रन. माझ्याकडून कमी-जास्त बोललं गेलं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. नसरुद्दीनभाई, तुम्ही मात्र मला माफ करू नका. हा माईक घ्या. तो चालूच आहे.