चुकीचा धडा

वडगावच्या स्टँडवर ताजुन्निसा बसची वाट बघत होती. शेजारी शाळेला निघालेले बाप-लेक बोलत होते.

"तुज्या बाईंची आज तक्रारच करतो. उष्णता म्हंजी पाण्यावानी वाहणारा पदार्थ, असलं चुकीचं का शिकवत्यात?"

"आबा, पूर्वी मोठे शास्त्रज्ञ तसंच मानायचे. बाई म्हणाल्या, खोटं पाडून दाखवा."

"पाडलंत का?"

"आम्हाला नाही जमलं. पूर्वी एका शास्त्रज्ञाला तोफेला भोक पाडताना दिसलं, की घासत राहिलं तर उष्णता संपतच नाही. पदार्थ असता तर संपला असता."

"मग समद्यांनी लगेच मानलं?"

"छे! कित्येक वर्षं वाद घातला."

बस आली.

"आबा, तक्रार नका ना करू."

"न्हाई करत. पर बाईंना विचारतो, आत्ताच्या पुस्तकातलं काय चुकीचं निघंल?"

ताजुन्निसा मुद्दाम त्यांच्या मागच्या सीटवर बसली.