मिलिंदचा पिवळा मॉनिटर

स्वतःला रंगांचे जाणकार म्हणवणारे मी पुष्कळ पाहिले, पण आमच्या मिलिंदची सर कुणाला नाही. माझा मावसभाऊ, फोटोग्राफर. त्याने महागडा मॉनिटर घेतला तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे रंग जुळवायचं यंत्र आहे. स्क्रीनवर ठेवलं की दहा मिनिटांत रंग बरोबर करून देतं."

"ज्याला नजर नाही त्याने यंत्र लावावं," तो म्हणाला.

पुढे सराफ्यातल्या एका सेठजींनी त्याला दागिन्यांच्या कॅटलॉगचं काम दिलं. पंधरा दिवस बसून त्याने एकेक फोटो 'सुधारला'. कॅटलॉग छापून झाला आणि सेठजी तो घेऊन थेट स्टुडिओतच आले. मीही तिथेच होतो.

"भैया, हमने सोना दिया था, तुमने चाँदी बना दी!"

खरंच, बांगड्या, हार, सगळं पांढरंफटक.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "सेठजी, आपकी दुकान की लाइट ग़लत है."

"अरे, मैं तुम्हारी दुकान में खड़ा हूँ!"

मी मॉनिटरची सेटिंग उघडली. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असतो तो पिवळसर मोड पहिल्या दिवसापासून चालू होता. स्क्रीनच पिवळी, म्हणून हा शहाणा प्रत्येक फोटोतला पिवळा रंग काढत बसला होता. मी मोड बंद केला, तर स्क्रीनवरचे हारसुद्धा कॅटलॉगसारखेच पांढरे दिसू लागले.

सेठजींनी डोक्याला हात लावला. मिलिंद मात्र माझ्यावर उखडला, "झालं समाधान? बिघडवलास ना चांगला मॉनिटर!"