दुपारी एकचा सत्कार

आमदारांच्या हापिसात नंबर लावून बसलेल्या महानंदाचे कान शेजारी बसलेल्या मिशन दवाखान्याच्या दोन सिस्टरांकडंच होते. पीए वैतागला होता.

“सिस्टर, हवामान बदललं तर साहेब काय करणार?”

“विधानसभेत बोलतील की,” थोरली सिस्टर म्हणाली. “आमच्या दवाखान्यात पत्र्याखाली बाळंतिणी भाजून निघतात.”

“साहेबांना टाइम न्हाय.”

“सत्काराला पण नाही?”

“सत्कार हाय व्हय? मग येतील की. कधी?”

“उद्या दुपारी एकला. त्याच पत्र्याखाली.”

पीए खुशीत आत गेला. धाकटी सिस्टर कुजबुजली, “मदर, शाल आणू?”

“शाल नको, सोलापुरी चादर आण. विधानसभेत बोलतो म्हणेपर्यंत अंगावरनं काढायची नाही.”

महानंदा पुढं वाकली.

“एका चादरीनं ह्यो गडी कबूल व्हायचा न्हाय, सिस्टर. आमच्या मागावरच्या दोन आणते.”